तौर सरांची डबी

तौर सर जिला भीत नव्हते अशी एक गोष्ट मला सांगा, पुंडलिकनगरातलं माझं राहतं घर मी तुमच्या नावावर करून देतो. घराला काही धोका नाही. मी पुष्कळ वर्षं शोधलंय, अशी गोष्ट नाही.

सर पंख्याखाली बसत नसत, पडला तर? पंख्यापासून लांबही बसत नसत. उकडून चक्कर आली तर? मग पात्यांचा घेर नजरेनं आखून ते बरोबर त्या घेराच्या कडेला खुर्ची मांडत. गॅस बंद केल्यावर आधी नाकानं, मग कानानं, मग परत नाकानं खात्री करत. एसटीत ड्रायव्हरच्या मागंच बसत आणि पैठण येईपर्यंत ड्रायव्हरच्या मानेवर नजर ठेवत. मान जरा कलली की खोकत. एकदा म्हणे ते इतकं खोकले की ड्रायव्हरनं गाडी थांबवून त्यांना पाणी पाजलं, आणि तेवढ्यात खरंच त्याची झोप उडाली. मुकुंदवाडीवरनं जाणाऱ्या मालगाडीचा आवाज आमच्या गल्लीत येतो. तो आला की सर बोलता बोलता थांबत, शेवटचा डबा जाईपर्यंत श्वास धरत, "गेली" म्हणत, आणि मग अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत. ही गाडी एक दिवस रूळ सोडून आपल्या गल्लीत वळणार, असा त्यांना वरून सांगावा आला असावा.

मी विम्याचा एजंट. लोकांच्या मनात भीती पेरायची आणि त्या पिकावर प्रपंच करायचा, हा माझा धंदा. असा शेजारी मिळाल्यावर मला वाटलं, आपली बाराही महिने दिवाळी. पण सर सहीलाच भीत.

"सही केली, अन् मग काही झालं तर?" त्यांनी विचारलं.

"सर, काही झालं तर म्हणूनच सही करायची असते."

"तसं नाय. सही केली म्हणून झालं तर?"

असल्या भीतीवर माझ्याकडं पॉलिसी नव्हती. कुठल्याच कंपनीकडं नाही.

सर वाळूजच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. शाळेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं असेल तर शिकायलाच, पण त्या नोकरीपायी सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचं एकच सूत्र होतं: लेबल आणि माल एक पाहिजे. एकदा भरलेला ट्रक त्यांनी गेटवर अडवला, कारण खोक्यावर एक लिहिलं होतं आणि आत दुसरं निघालं. मालक स्वतः खाली आला, आरडाओरडा केला. सरांचे पाय लटलट कापत होते. ते पाहणारे सांगतात की गेटवरची खिडकीसुद्धा त्यांच्याबरोबर थरथरत होती. पण ट्रक काही त्यांनी सोडला नाही. "दोनच रस्ते हायत साहेब," ते कापत कापत म्हणाले. "लेबल बदला, नायतर माल बदला." भित्रा माणूस सहसा हटत नाही. हटल्यावर काय होईल, ह्याचीही त्याला भीती वाटते.

मग त्यांच्या गावाकडची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. त्या दिवसांत आमच्या भागात पैसा असा काही आला, की एका पाटलानं जीप घेतली, ती ठेवायला गोठा मोकळा केला आणि म्हशींना ओसरीवर कूलर लावून दिला. सरांच्या थोरल्या भावानं जीप घेतली, धाकट्यानं मंगल कार्यालय बांधलं. सर बँकेला भीत, प्लॉटला भीत, आणि उसने मागणाऱ्या पाहुण्यांना तर वाघासारखं भीत. त्यांनी लेकाचं शिक्षण केलं, घराला स्लॅब टाकला आणि उरलेल्यात एक परदेशी घड्याळ घेतलं. पोलादी पट्टा, निळी तबकडी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. सरांना ते आवडलं नसतं, चोर वाचतात.

सुमनवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, कशालाच भीत नसत. घरातली सगळी भीती एकट्यानं उचलल्यावर दुसऱ्याला काय उरणार? कुणी घड्याळाची चौकशी केली की त्या म्हणत, "पाच एकर हाय ते. विहिरीसकट."

ते घड्याळ ज्यात आलं त्याला आमच्या गल्लीत डबी म्हणत, पण ती चांगली पानाच्या डब्याएवढी होती. वरून जाड पुठ्ठ्याचं वेष्टन, आत गडद तपकिरी लाकूड, त्याला असं पॉलिश की सरांच्या कपाळावरच्या आठ्या त्यात मोजून घ्याव्यात. झाकण उघडताना आवाज यायचा नाही. नुसता एक उसासा. आत सायीच्या रंगाची मऊ उशी, तिला घड्याळानं मिठी मारलेली, आणि तळाच्या कप्प्यात घड्याळाचा नंबर असलेलं कार्ड. ही डबी बघायची तर आधी साबणानं हात धुवायचे, मग पुसायचे, मग ते सरांना दाखवायचे. डबीजवळ शिंकणाऱ्याला सर सहा महिने घरात घेत नसत.

जुनी घड्याळं जमवायचा सरांना आधीपासून नाद होता. त्या नादापायी ते शहागंजातल्या सलीमभाईंच्या दुकानात जात. दोघांचा वाद एकच, वर्षानुवर्षं.

"सरजी, घडी पेनते के डब्बा पेनते?" सलीमभाई म्हणत. "वक्त डब्बे में नै रैता."

"डबीशिवाय घड्याळ म्हंजे आईबापाचं नाव न लावणारं पोरगं," सर म्हणत. "चांगलं असंल. पण विचारावं लागतं ना, कुणाचं."

सलीमभाई हसत. आणि तेवढ्यात एखादं गिऱ्हाईक घड्याळ विकायला आलं, की ते हातात घ्यायच्या आधी सलीमभाईंच्या तोंडून पहिला सवाल निघे, "डब्बा हय?" सर माझ्याकडं बघत. बोलत काही नसत. बोललो आणि सलीमभाईला राग आला तर?

पुढं ही डबी गल्लीभर फिरली. आता एवढ्या जिवापाड जपलेली डबी हा माणूस लोकांना द्यायला कसा लागला, असं तुम्ही विचाराल. तो नाही लागला. वहिनी लागल्या.

आमच्याकडं साखरपुड्यात नवरदेवाला घड्याळ घालतात. मुलीचा भाऊ ताटातनं ते उचलतो आणि भावजींच्या मनगटाला बांधतो. तोवर ते ताट मांडवभर फिरतं आणि दोन्हीकडच्या बायका त्यातल्या वस्तूंवर नजरा फिरवून घेतात. गल्लीतल्या एका बिनबापाच्या मुलीचा साखरपुडा होता. घड्याळ बरं होतं, पण दुकानदारानं दिलेली प्लास्टिकची डबी तडकलेली, आणि वरमाय ताटाकडं बघून नाक मुरडायच्या बेतात. वहिनी उठल्या, घरी गेल्या, कपाट उघडलं, सरांचं घड्याळ उशीवरनं काढून तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि रिकामी डबी पदराखाली घेऊन आल्या. त्या डबीत बसल्यावर ते साधं घड्याळ एकदम जहागीरदार दिसायला लागलं. वरमाय सरळ बसली.

सरांना त्या दिवशी ताप भरला. पण डबी सुखरूप परत आली, आणि गल्लीत दस्तूरच पडला. पुढं प्रत्येक साखरपुड्याला सरांची डबी. सर नाही म्हणायला भीत, म्हणून ते एकच करू शकले: डबीबरोबर स्वतः जायला लागले. पहिल्या रांगेत बसायचे, पापणी न लववता ताटाकडं बघायचे, जेवायचे नाहीत. नवरदेवाच्या मनगटाला घड्याळ लागलं रे लागलं, की "मी धरतो, मी धरतो" करत पुढं व्हायचे आणि डबी कापडी पिशवीत घालून छातीशी धरायचे. दुसऱ्या बाजूची माणसं म्हणायची, काय माणुसकी आहे ह्या गृहस्थाची, कुणाचीही सोयरीक असो, पहिल्या रांगेत हजर.

अशा कितीतरी सोयरिकी पार पडल्या. मग गायक्यांच्या पल्लवीचा साखरपुडा आला.

सोपान गायके आमच्या कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले. जन्म गिरणीच्या घरघरीत गेल्यामुळं कानात सांगायची गोष्टही ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी सांगत. पल्लवी त्यांची एकुलती एक, नर्सिंग शिकलेली, गुणाची. स्थळ पैठणचं, मुलगा विशाल सरळ, पण घरात सत्ता मुलाच्या आत्याची. आत्याबाईंचं पैठणीचं दुकान. डोळे मिटून काठावरनं बोट फिरवायच्या आणि साडी हातमागाची की यंत्राची ते सांगायच्या. लोक म्हणत, विणकराची भाकरी त्या दिवशी करपली होती का, तेही सांगायच्या.

इथं गायक्यांनी एक चूक केली. आजवर लोक डबीत साधं पण खरं घड्याळ ठेवत. गायक्यांना वाटलं, डबी एवढी भारी, तर आतलं तिला शोभलं पाहिजे. त्यांनी बाजारातनं हुबेहूब तसलंच, निळ्या तबकडीचं, वर त्याच कंपनीचं नाव छापलेलं नकली घड्याळ आणलं. डबीच्या लाजेनं आणलं म्हणा. सर ते बघून भिंतीला टेकले. "सोपानराव, हे खोटं हाय."

"घड्याळ वेळ खरी दाखवतं ना सर, बास. डबी तर परत येणारच हाय आपली."

साखरपुडा लागला. पल्लवीच्या चुलतभावानं विशालच्या मनगटाला घड्याळ बांधलं. पट्टा ढिला होता, पण दिसायला ऐटदार. सर "मी धरतो" म्हणत उठले, आणि त्याच क्षणी मुलाकडच्यांनी मानपान सुरू केला. पहिला मान पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांचा. एका धिप्पाड पाहुण्यानं सरांना खांद्याला धरून खाली बसवलं, मांडीवर टॉवेल ठेवला, कपाळाला गंध लावलं आणि डोक्यावर टोपी घातली. टोपी मोठी होती. ती सरांच्या नाकापर्यंत आली. ती वर सारून सर बघतात तर ताटात नारळ होता, सुपारी होती, डबी नव्हती.

डबी आत्याबाईंच्या मांडीवर होती. त्या झाकणावरनं बोट फिरवत होत्या.

"बाई, ती डबी..." गायक्यांच्या बायकोनं कसंबसं म्हटलं.

"असू द्या की. घड्याळ आमचं तर डबी आमचीच नाय का?" आत्याबाई म्हणाल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण अगदी शांतपणानं: "आमची पैठणी आम्ही मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळून देतो. खऱ्या मालाला फडकं पुरतं. खोटी साडी नेहमी लई भारी डब्यात येते. म्हणून मी डबा आधी बघते." आणि डबी त्यांच्या पिशवीत गेली.

मंडपात माणसं जेवत होती, पोरं पळत होती, आणि आम्ही चौघं, म्हणजे सर, वहिनी, गायके आणि मी, थिजून उभे होतो. दोनच दिवसांनी पैठणहून फोन आला. घड्याळ ढिलं होतंय, तर येत्या रविवारी आत्याबाई आणि विशाल शहरात येणार. मॉलमध्ये त्या कंपनीची घड्याळं विकणारं दुकान आहे, तिथं पट्ट्याची एक कडी काढून घ्यायची. डबी बरोबर आणतील. गायक्यांनीही यावं.

फोन ठेवला तेव्हा गायक्यांनी गिरणी बंद केली. इतक्या वर्षांत दुपारी गिरणी बंद पडल्याचं मी पाहिलं नव्हतं. गल्ली बहिरी झाल्यासारखी वाटली. ते सरांच्या ओट्यावर येऊन बसले. अंगावर पीठ होतं म्हणून पांढरे दिसत होते की खरंच पांढरे पडले होते, कळत नव्हतं.

"सर, दुकानवाला बघताक्षणी नकली म्हणंल. मग ती बाई पल्लवीला आयुष्यभर त्या डबीवरनं बोलंल. सोयरीक मोडायची नाय ती. मोडली तर बरं. ती पोरीला घरात घिऊन रोज बोलंल."

पल्लवी दारात उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, मी सांगते विशालला खरं."

"खबरदार," गायके म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज फक्त ओट्यापुरता आला.

त्या आठवड्यात भीती गल्लीत साथीसारखी पसरली. मी, भीती विकणारा माणूस, रात्री दोनदा उठून दाराची कडी बघायला लागलो. गायक्यांच्या गिरणीतनं पीठ जाडं यायला लागलं. सर मात्र चमत्कारिक वागत होते. ते कापत होते, हे रोजचंच. पण पंख्याच्या अगदी खाली बसून कापत होते. शुक्रवारी त्यांनी मला आत बोलावलं.

"एजंटसाहेब, डबी माझी. म्हंजे खोटं माझ्या लेबलानं बोललंय."

"तुमचा काय दोष सर?"

"दोष नाय हो. रस्ता शोधतोय. लेबल तर गेटाबाहेर गेलं. ते आता परत येत नाय." त्यांनी घाम पुसला. "मग माल धाडावा लागतो."

मला कळायला वेळ लागला. वहिनींना नाही लागला. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. सर त्यांच्याकडं बघायला धजेनात, छताकडं बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "जमीन गेली तवा मोजणीवाल्यांना चहा करून द्यावा लागला मला. ह्या वेळेला कुणाला द्यायचाय?"

"विशालरावांना. उद्या बोलवून घेतो. कडी मीच काढून देतो म्हणतो."

"मग दूध जास्तीचं सांगते," वहिनी म्हणाल्या आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

शनिवारी विशाल आला. त्याला पुढच्या खोलीत गुंतवून ठेवायचं काम माझ्याकडं. मी त्याला विमा सांगितला, पैठणचं धरण सांगितलं, माझ्या आजोबांनी वेरूळच्या डोंगरात वाघाशी केलेली बातचीत सांगितली, वाघाच्या बाजूनं आणि आजोबांच्या बाजूनं, दोन्ही आवाज काढून. आत सर होते, दोन घड्याळं होती आणि कडी काढायचं बारीक हत्यार होतं. ते हत्यार एकदा खाली पडल्याचा आवाज आला. मग परत पडल्याचा. मग खूप वेळ काहीच आवाज नाही. माझा वाघ बोलता बोलता थांबला.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन्ही हातांच्या ओंजळीत ते घड्याळ घेऊन आले, नैवेद्य आणावा तसे. विशालनं ते मनगटाला लावलं. अगदी बेताचं बसलं.

"काका, जड लागतंय जरा."

"कडी काढली ना," सर म्हणाले. "वजन एका जागी आलं."

विशालनं मान डोलावली. मग तबकडीकडं नीट बघितलं. "सेकंदकाटा पण आधी उड्या मारत चालायचा. आता सरकतोय नुसता."

माझ्या तोंडातला चहा घशात जायचा तो नाकात गेला. नकलीत सेल होता, त्याचा काटा टकटक उडी घेई. खऱ्याला सेल नाही, तो हाताच्या हालचालीवर चालतो आणि त्याचा काटा तेलावरनं घसरल्यासारखा सरकतो.

"तेल घातलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतनं आल्यासारखा होता. "अन् रोज हातात घालत जा. ठेवून दिलं तर थांबंल. काय बी झालं तर दुसऱ्या कुणाकडं नेऊ नका. माझ्याकडं आणा."

"किती काळजी करता काका," विशाल म्हणाला, आणि पाया पडला. पाया पडताना घड्याळ फरशीला लागलं. तो बारीकसा टणत्कार मला ऐकू आला. सरांच्या चेहऱ्यावर तो उमटला.

गायक्यांना सांगायचं नाही, असं ठरलं. गिरणीत बोललेली गोष्ट पिठाबरोबर घरोघर जाते, आणि पीठ पैठणलाही जातं. शिवाय गायके ताठ माणूस. कळलं असतं तर त्यांनी तडक ते घड्याळ परत आणून सरांच्या पुढ्यात ठेवलं असतं. आम्हाला वाटलं होतं, कडी निघाली, आता दुकानात जाणं टळेल. पण आत्याबाई रविवारी आल्याच. "कडी निघाली तर बरं झालं. दाखवून तर घिऊ."

गायक्यांबरोबर सर आणि मीही गेलो. त्या दुकानात एसी असा होता की माझ्या मिशांवर दव पडलं. काउंटरपलीकडच्या माणसानं पांढरे हातमोजे घातले. आत्याबाईंनी पिशवीतनं डबी काढून ठेवली, विशालनं घड्याळ काढून ठेवलं. गायक्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळं ते बिचारे फासाच्या पाटावर उभे होते. त्यांनी माझा दंड धरला. त्या बोटांचे वळ अजून आहेत, माझी बायको साक्षीला आहे. सरांना तर सगळं ठाऊक होतं, तरी ते गायक्यांपेक्षा जास्त भ्यालेले. शनिवारी हत्यार पडलं तेव्हा मागच्या बाजूला ओरखडा उठला असेल तर? दोन्हींत आपणच गफलत केली असेल तर? नकलीच दिलं असेल तर?

माणसानं डोळ्याला भिंग लावलं. घड्याळ उलटं केलं. डबीच्या तळातलं कार्ड काढलं, नंबर पाहिला, परत घड्याळ पाहिलं. आत जाऊन आला. तो आत होता तेवढ्या वेळात मी माझ्या सगळ्या पॉलिसींचे हप्ते मनातल्या मनात भरले.

"मॅडम, घड्याळ, कार्ड आणि बॉक्स, तिन्ही एकमेकांचेच आहेत," तो म्हणाला. "असा पूर्ण सेट आमच्याकडं क्वचित येतो. बॉक्स कधी टाकू नका."

"डबी नसती तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"घड्याळ हेच असतं. फक्त घेणारा दहा प्रश्न विचारतो."

"म्हंजे घड्याळाच्या वतीनं डबी बोलते."

"असंच म्हणा."

आत्याबाईंनी घड्याळ हातात घेतलं आणि तबकडीकडं बघत राहिल्या. त्या सरकणाऱ्या काट्याकडं. साखरपुड्यात उड्या मारणारा काटा त्यांच्या नजरेतनं सुटला असेल, असं मला आजही वाटत नाही. त्यांनी हळूच मान वळवून सरांकडं पाहिलं.

"सर, तेल कुठलं घातलं म्हणालात?"

सर रुमालानं डबीचं झाकण पुसायला लागले.

आत्याबाईंनी ते पुसणं बघितलं. मग घड्याळ विशालच्या हातात देत म्हणाल्या, "चांगलं तेल हाय." आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पल्लवीला पुढं त्यांनी आपल्या पैठणीच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं, तेव्हा गल्ल्याची किल्ली त्या डबीत ठेवून दिली म्हणे.

बाहेर पार्किंगमध्ये गायक्यांनी मला आणि सरांना बाजूला ओढलं. चेहऱ्यावर रक्त परत आलं होतं आणि आवाजही.

"एजंट, बघितलं का? एवढा भिंगवाला माणूस, डबी बघूनच फसला येडा. आत काय हाय हे कुणी बघतच नाय. सर, तुम्ही उगं घाबरत व्हता. घड्याळात काय ठेवलंय? डबी पाहिजे डबी."

मी तोंड उघडलं. सरांनी गायक्यांच्या पाठीमागून मान हलवली, इतकी बारीक की पाखराला कळली नसती. मी तोंड मिटलं. एवढी मोठी गोष्ट मी जन्मात पहिल्यांदाच गिळली. पोटात अजून दुखतं.

गायके त्यानंतर गिरणीत दळण दळता दळता प्रत्येकाला सांगत, की जगात डबीलाच मोल आहे. सर समोरून जात असले तर त्यांनाही हाक मारून सांगत. सर ऐकून घेत.

लग्नानंतर महिनाभरातच सर आणि वहिनी लेकाकडं पुण्याला गेले. तिकडंच सर वारले. मला निरोप उशिरा मिळाला. त्यामुळं सर म्हटलं की मला दिसतात ते पल्लवीच्या पाठवणीच्या वेळचे.

बीड बायपासच्या कार्यालयात लग्न लागलं. ऊन उतरायला लागलं होतं. बायका रडत होत्या, गायके तर एवढे मोठ्यानं रडत होते की बँडवाल्यांनी थांबून घेतलं. गाडीच्या चाकाखाली नारळ फुटला. विशाल डाव्या खिडकीशी बसला होता, काच खाली करून, घड्याळाचा हात दारावर टाकून, कोपरापर्यंत बाहेर. गाडी हलली आणि फाटकाच्या लोखंडी खांबाजवळनं, टीचभर अंतरानं, तो हात गेला.

सर पळायला लागले.

मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. एक हात धोतराला, दुसरा वर करून ते गाडीमागं धावत होते. "हात आत घ्या. जावईबापू, हात आत घ्या." लोकांचे डोळे भरून आले, शेजाऱ्याच्या लेकीवर एवढी माया. विशालनं आरशात म्हातारा माणूस धावताना पाहिला. तोही गहिवरला असावा. त्यानं खिडकीतनं खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं आणि तोच हात उंच करून जोरजोरात हलवायला लागला. त्या निळ्या तबकडीवर ऊन लखलखलं.

गाडी पैठणच्या दिशेला वळली तरी हात बाहेरच होता. सर रस्त्याच्या मधोमध थांबले होते. मागून ट्रक हॉर्न देत होते, एक तर अगदी अंगाजवळनं गेला. सरांचं तिकडं लक्ष नव्हतं. धाप लागल्यामुळं आवाज फुटत नव्हता, पण मी जवळ पोचलो तेव्हा ते त्या लहान होत गेलेल्या गाडीला अजून सांगतच होते, "आत घ्या. बाळा, हात आत घ्या."